प्रश्न वाचकांचे : जगलिंगच्या नव्या करामती शिकताना

तीन चेंडू उडवून झेलायला कसे शिकावे, याविषयीचे टिपण या सदरात प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांत नवशिक्यांची पत्रे थोडी होती. तीन चेंडू जमू लागले आहेत पण पुढे पाऊल पडत नाही, अशी तक्रार करणाऱ्या वाचकांची पत्रे त्याहून बरीच अधिक होती. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. तीन चेंडूंचा मूळ प्रकार, ज्यात प्रत्येक चेंडू आळीपाळीने एका हातातून दुसऱ्या हाताकडे उडवला जातो, त्याला जगलर ‘कॅस्केड’ म्हणतात. तोच शब्द पुढे सर्वत्र वापरला आहे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. कॅस्केड मला दोन-तीन मिनिटे न चुकता जमते. काही आठवड्यांपासून ‘४४१’ ही करामत शिकतो आहे. व्हिडिओ पाहून क्रम पाठ झाला आहे, पण दुसऱ्या फेरीलाच सगळे विस्कटते. रोज रात्री जेवणानंतर तासभर सराव करतो आणि सुरुवातीला जे जमते तेही शेवटी शेवटी बिघडते. सराव कमी पडतो आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सराव कमी पडत नाही. क्रम पाठ झाला म्हणजे करामत आली असे धरून आपण ती पहिल्या दिवसापासून अखंड चालवू पाहता, अडचण तेथे आहे. बहुतेक हौशी मंडळी येथेच अडकतात.

इतर वाचकांसाठी ४४१ म्हणजे काय ते आधी सांगतो. उजव्या हातात दोन आणि डाव्या हातात एक चेंडू घेऊन सुरुवात होते. उजवा हात एक चेंडू सरळ वर, आपल्याच बाजूला उडवतो; पुढच्या ठोक्याला डावा हात आपला चेंडू तसाच सरळ वर उडवतो; आणि हे दोन्ही चेंडू हवेत असताना उजव्या हातात उरलेला चेंडू थेट डाव्या हातात आडवा सरकवला जातो. पुढची फेरी डाव्या हाताने सुरू होते आणि तीत चेंडू उजव्या हाताकडे सरकतो.

यात बिघाड बहुधा दोन जागी होतो. दोन्ही फेकी उभ्या असल्यामुळे दोन्ही हात नकळत एकदमच वर जातात आणि मधला ठोका नाहीसा होतो. तसे झाले की तिसरा चेंडू केव्हा सरकवायचा याचा अंदाजच राहत नाही. दुसरा बिघाड उंचीचा आहे. उभ्या फेकी कॅस्केडच्या फेकींपेक्षा स्पष्टपणे उंच जायला हव्यात. सवयीने त्या कॅस्केडच्याच उंचीवर राहतात, आणि मग आडवा चेंडू पोहोचेपर्यंत पहिला चेंडू खाली आलेला असतो. दोन्ही वेळा चेंडू सुटतो तो झेलताना, त्यामुळे आपल्याला वाटते की झेल चुकला. प्रत्यक्षात चूक त्याआधीच्या फेकीत झालेली असते. चेंडू खाली पडला की ‘कोणती फेक वाकडी गेली?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घेतली, तर कोणतीही नवी करामत शिकण्याचा काळ बराच कमी होतो.

तबल्यावर नवा कायदा आधी विलंबित लयीत बसवता येतो आणि मग दुगुन करता येते. चेंडूच्या बाबतीत ही सोय नाही, कारण वर गेलेला चेंडू गुरुत्वाकर्षणाच्या नियमानेच खाली येणार. करामत सावकाश करता येत नसल्यामुळे तिचे तुकडे पाडणे एवढाच मार्ग उरतो. आपण चार, चार, एक (म्हणजे उभी फेक, उभी फेक, आडवा चेंडू) एवढ्या तीनच हालचाली करा आणि थांबा. चौथी फेक करूच नका. सगळे चेंडू हातात आल्यावर पाहा : डाव्या हातात दोन आणि उजव्या हातात एक चेंडू असला पाहिजे. तसे असेल तर फेरी बरोबर झाली, नसेल तर काहीतरी चुकीच्या बाजूला गेले. आता त्याच स्थितीतून डाव्या हाताने सुरुवात करून उलट फेरी करा, म्हणजे चेंडू पुन्हा मूळ जागी येतील. डाव्या बाजूची फेरी पुष्कळांची कच्ची राहते, कारण व्हिडिओ पाहून आपण फक्त उजव्या हाताची सुरुवात उचललेली असते.

हे दोन्ही बाजूंनी सहज होऊ लागल्यावर कॅस्केड चालू ठेवून मध्येच एक ४४१ घाला, पुन्हा कॅस्केडवर या आणि मग थांबा. त्यानंतर लागोपाठ दोन फेऱ्या करा. अखंड ४४१ हा यानंतरचा टप्पा आहे, आणि तेथवर आलेल्या माणसाला तो फारसा जड जात नाही. प्रत्येक प्रयत्न चेंडू हातात घेऊन संपवावा, जमिनीवर पाडून नव्हे. ‘आणखी एक फेरी जमते का पाहू’ म्हणून चेंडू पडेपर्यंत ओढत राहिले, तर दर खेपेला शेवटच्या दोन-तीन फेकी घाईच्या आणि वाकड्या होतात, आणि सराव होतो तो त्या वाकड्या फेकींचा.

आता तासभराच्या सरावाविषयी. जेवणानंतरचा सलग तास ही वेळ मला तरी सोयीची वाटत नाही. तोच तास सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा मिनिटे असा वाटला आणि उरलेला अर्धा तास सोडून दिला तरी आपले नुकसान होणार नाही. त्या पंधरा मिनिटांतही ४४१ एकटेच घोटू नका. त्यासोबत उलटे कॅस्केड (ज्यात प्रत्येक चेंडू समोरून येणाऱ्या चेंडूच्या वरून उडवतात), हाताखालून फेक, एका हातात दोन चेंडू असे काही आलटून पालटून करा. शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी १९७९ मध्ये केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ठरावीक क्रमाने लाकडी फळ्या पाडण्याच्या तीन हालचाली त्यांनी एका गटाला एकेक करून, तर दुसऱ्या गटाला मिसळून शिकवल्या. शिकत असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी तपासले तेव्हा मिसळून शिकलेला गट सरस ठरला. मिसळून केलेल्या सरावात त्या-त्या दिवशी प्रगती कमी दिसते आणि मन खट्टू होते, म्हणून बहुतेक लोक तो टाळतात. आपण टाळू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. चार चेंडू मला बऱ्यापैकी येतात, पण पाच चेंडूंमध्ये सहा-सात झेलांपुढे मजल जात नाही. चेंडू समोर पळतात आणि एकमेकांवर आपटतात. ‘करत राहा, एक दिवस जमेल’ असे सगळे सांगतात. याला काही शास्त्र आहे की नाही?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : शास्त्र आहे, आणि ते आपल्या अभ्यासक्रमातलेच आहे. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन स्वतः हौशी जगलर होते आणि त्यांनी चेंडू झेलणारे एक यंत्रही बनवले होते. जगलिंगचा त्यांनी मांडलेला नियम असा : चेंडू हवेत असण्याचा आणि हातात असण्याचा वेळ यांच्या बेरजेला हातांच्या संख्येने गुणले, तर येणारी संख्या ही हात रिकामा असण्याचा आणि भरलेला असण्याचा वेळ यांच्या बेरजेला चेंडूंच्या संख्येने गुणून येणाऱ्या संख्येएवढी असते.

यात आकडे घालून पाहू. समजा, आपला हात चेंडू ०.४ सेकंद धरून ठेवतो आणि मग ०.२ सेकंद रिकामा असतो. निवांत कॅस्केडचा ताल साधारण असाच असतो. या तालात तीन चेंडूंसाठी प्रत्येक चेंडू ०.५ सेकंद हवेत राहायला हवा, म्हणजे हातापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर जायला हवा. चार चेंडूंसाठी ०.८ सेकंद, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर. पाच चेंडूंसाठी १.१ सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड मीटर. हवेतला वेळ दुप्पट करायचा तर उंची चौपट करावी लागते, म्हणून हे आकडे असे भराभर फुगतात. सात चेंडूंचा हिशेब साडेतीन मीटरच्या वर जातो आणि तो कोणत्याही फ्लॅटच्या छतात बसत नाही. म्हणून सरावलेले जगलर पाच चेंडूंना हातांचा ताल जलद करतात : हातात ०.३ सेकंद आणि रिकामा ०.१५ सेकंद धरले, तर उंची ८५ सेंटिमीटरच्या आत येते. नवशिक्याने मात्र आधी उंच आणि सावकाश करावे. त्यासाठी दीड मीटरची फेक छताच्या पंख्यापर्यंत पोहोचते हे लक्षात घेऊन पंखा बंद ठेवावा, किंवा सरळ गच्चीवर जावे.

चेंडू एकमेकांवर का आपटतात, याचे उत्तरही उंचीतच आहे. फेकीची दिशा एका अंशाने चुकली, तर ३० सेंटिमीटर उंचीच्या फेकीत चेंडू सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला पडतो. हात तेवढे सांभाळून घेतो आणि आपल्याला कळतही नाही. तीच एका अंशाची चूक दीड मीटरच्या फेकीत सुमारे दहा सेंटिमीटरची होते. कॅस्केड छान येते असे वाटत असताना पाच चेंडू विस्कटतात ते यामुळे. ती चूक कॅस्केडमध्येही होतीच, फक्त झाकलेली होती. म्हणून पाचची तयारी तीन चेंडूंनी, पण पाचच्या उंचीवर करायला हवी.

उजवा, डावा, उजवा अशा तीन फेकी भराभर पाचच्या उंचीवर करा आणि तिन्ही चेंडू हवेत असताना दोन्ही हात क्षणभर रिकामे राहू द्या. जगलरांच्या आकडेलेखनात (ते काय असते हे पुढे लातूरच्या शिक्षकांना दिलेल्या उत्तरात आहे) हे ५५५०० होते. चेंडूंच्या शिखराच्या दोन जागा, डावी आणि उजवी, नेमक्या ठरलेल्या असाव्यात आणि तिन्ही चेंडू तेथूनच वळले पाहिजेत. ते स्थिर झाले की चार चेंडूंनी ५५५५० करा, म्हणजे पाच फेकींच्या क्रमात एकच रिकामी जागा राहील. चार चेंडूंचेच ५५२ हेही उपयोगी आहे : दोन उंच तिरक्या फेकी आणि मग एक ठोका हातातला चेंडू नुसता धरून ठेवायचा. यात दम घ्यायला जागा मिळते आणि फेकी मात्र पाचच्याच राहतात. चेंडू समोर पळत असतील तर भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभ्या राहा. भिंत चूक दुरुस्त करत नाही, पण लपवूही देत नाही.

त्यानंतर पाच चेंडू घ्या आणि पाचच फेकी, पाचच झेल करून थांबा. उजव्या हातात तीन घेऊन सुरुवात केली असेल तर शेवटी डाव्या हातात तीन यायला हवेत. याला जगलर ‘फ्लॅश’ म्हणतात. तो दोन्ही हातांनी सुरू करता यावा, मग सहा झेल, सात झेल असे एकेक वाढवत दहापर्यंत जावे. आपण थेट ‘जमतील तितके’ या रीतीने जात असाव्यात, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे सहावा-सातवा झेल हा नेहमी कोसळण्याच्या बेतातला असतो.

चार चेंडू आधी येणे पाचसाठी आवश्यक नाही. चार चेंडूंमध्ये प्रत्येक हात आपले दोन चेंडू आपल्याच बाजूला फिरवतो. पाचमध्ये सगळे चेंडू बाजू बदलतात. कमजोर हात तयार होण्यासाठी चार चेंडू उत्तम, पण पाचची पायरी म्हणून नव्हे. ‘एक दिवस जमेल’ हे सांगणारे चुकीचे बोलत नाहीत. नियमित सराव करणाऱ्यालाही पाच चेंडूंना कित्येक महिने लागतात. प्रश्न इतकाच की ते महिने कशात घालवायचे.

प्रश्न : निवृत्तीनंतर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी नातवाबरोबर हा खेळ सुरू केला. तीन चेंडू दहा-बारा झेलांपर्यंत जमतात. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे आणि चेंडू खाली येताना धूसर दिसतो. उजवा खांदाही दोन वर्षांपूर्वी आखडला होता. या वयात नव्या करामतींच्या मागे लागावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जरूर लागावे. जर्मन संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की तीन महिने तीन चेंडूंचा सराव केलेल्या तरुणांच्या मेंदूत, हलत्या वस्तूंचे आकलन करणाऱ्या भागात, करड्या द्रव्याची वाढ झाली आणि सराव सोडल्यावर ती ओसरली. २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर तसाच अभ्यास झाला. त्यांच्यातील कमी जणांना मिनिटभर चेंडू चालवणे साधले, पण मेंदूतला बदल त्यांच्यातही आढळला. यावरून स्मृतिभ्रंश टळतो वगैरे निष्कर्ष काढणारे संदेश फिरत असतात. त्यांवर विश्वास ठेवू नये.

चष्म्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावरचा उपाय नजरेच्या सवयीत आहे. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो. त्यातून हाताकडे पाहायला गेले की चेंडू धूसर होणारच. पण झेलताना हाताकडे पाहण्याची गरजच नसते. १९७६ मध्ये हॉवर्ड ऑस्टिन यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रयोग करून दाखवले की सरावलेल्या जगलरला चेंडूच्या मार्गाचा अगदी माथ्यावरचा, इंचभराचा तुकडा दिसला तरी तो झेलत राहू शकतो. मान सरळ ठेवा, फेकी डोळ्यांच्या किंचित वर जाऊ द्या आणि नजर तेथेच स्थिर ठेवा, म्हणजे तुम्ही काचेच्या वरच्या भागातूनच पाहाल. फक्त लांबचा नंबर असलेला जुना चष्मा घरात असेल आणि त्याचा नंबर अजून जुळत असेल, तर सरावापुरता तोही चालेल.

खांद्याविषयी आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच पुढे जा. तीन चेंडूंची फेक कोपरापासून होते, तीत खांदा उचलावा लागत नाही. म्हणून सध्या नव्या करामती निवडताना हाताखालून फेक, उलटे कॅस्केड अशा निवडा आणि पाठीमागून फेकण्याच्या वाटेला जाऊ नका. खांद्यापेक्षा कंबरेचा त्रास अधिक जणांना होतो, आणि तो चेंडू उचलण्यामुळे होतो. पलंगासमोर उभे राहिल्यास पडलेले चेंडू गादीवर राहतात.

प्रश्न : बाजारात मिळणारे चेंडू महाग वाटले म्हणून मी मोज्यांत तांदूळ भरून तीन चेंडू शिवले. पावसाळ्यात त्यांत किडे झाले. टेनिसचे चेंडू वापरले तर ते उसळून कपाटाखाली जातात. घरी चांगले चेंडू कसे करावेत?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. तो हातात नीट जाणवत नाही आणि उसळतो, म्हणून सरावाला निरुपयोगी आहे. क्रिकेटचा लेदर चेंडू १५६ ग्रॅमच्या वर जातो आणि बोटाला लागला तर सराव आठवडाभर बंद. यांच्या मधला, सुमारे ११० ते १३० ग्रॅम वजनाचा आणि ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा, कापडी किंवा रेक्झिनचा चेंडू बहुतेकांच्या हाताला बरा पडतो. तो जमिनीवर पडला की आहे तेथेच बसला पाहिजे.

मोज्याचे कापड ताणले जाते आणि चेंडूचा आकार रोज बदलतो, म्हणून जाड सुती कापड किंवा जुन्या जीन्सचे कापड घ्या. संत्र्याच्या फोडीसारख्या आकाराचे चार तुकडे कापून, उलट बाजूने दुहेरी टीप मारून, शेवटची दीड इंचाची फट ठेवून पिशवी उलटवा आणि भरण घाला. मूग किंवा बाजरी तांदळापेक्षा चांगली, कारण दाणा गोल असतो आणि हातात सरकतो. वर सांगितलेल्या आकारात मूग भरले, तर वजन साधारण ११० ते १२० ग्रॅमपर्यंत जाते. पिशवी गच्च भरू नका. बोटाने दाबल्यावर खळगा पडून राहायला हवा. तिन्ही चेंडू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून सारखे करा. पाच ग्रॅमचा फरकही उंच फेकीत जाणवतो, निदान मला तरी जाणवतो.

कोकणातल्या हवेत मात्र धान्याचा नाद सोडलेला बरा. वाळवणासारखे ऊन दाखवून, कोरडे भाजून भरलेले मूगही तुमच्याकडच्या पावसाळ्यात टिकतील याची खात्री नाही, आणि किडे नाही लागले तरी उंदीर आहेतच. त्याऐवजी मऊ खेळण्यांत भरतात ते प्लास्टिकचे बारीक दाणे घ्या. मग चेंडू धुताही येतात. दाणे मुगापेक्षा हलके असल्यामुळे चेंडू अर्ध्या सेंटिमीटरने मोठा कापावा लागेल. वाळू भरू नका : शिवणीतून गळते आणि डोळ्यांत जाते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. जगलिंगच्या करामती आकड्यांनी लिहितात असे वाचले. हे आकडे नेमके काय सांगतात आणि मुलांना त्यातून काही गणित दाखवता येईल का?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : या लेखनपद्धतीला ‘साइटस्वॅप’ म्हणतात. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात आणि इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे शोधली. दोन्ही हात आळीपाळीने, समान ठोक्यांवर फेकतात असे धरून, आता फेकलेला चेंडू पुन्हा किती ठोक्यांनी फेकला जाणार तो आकडा लिहायचा. विषम आकड्याचा चेंडू दुसऱ्या हाताकडे जातो, सम आकड्याचा त्याच हातात परततो. कॅस्केड म्हणजे ३, ३, ३...; शून्य म्हणजे रिकामा हात; एक म्हणजे शेजारच्या हातात सरकवणे; दोन म्हणजे बहुधा नुसते धरून ठेवणे.

आकड्यांची सरासरी काढली की चेंडूंची संख्या मिळते. ४४१ची बेरीज नऊ, भागिले तीन, म्हणजे तीन चेंडू. ५३१चेही तसेच. पण सरासरी पूर्णांक आली म्हणजे करामत शक्य आहेच असे नाही, आणि मुलांना हेच दाखवावे. ५३४ आणि ५४३ यांत आकडे तेच आहेत व दोन्हींची सरासरी चार आहे. ५३४ चालते, ५४३ चालत नाही. ५४३ मध्ये शून्याव्या ठोक्याला फेकलेला पाच पाचव्या ठोक्याला उतरतो, पहिल्या ठोक्याचा चार पाचव्यालाच आणि दुसऱ्या ठोक्याचा तीनही पाचव्यालाच. तीन चेंडू एकदम एकाच हातावर आदळतात. ५३४ मध्ये ते पाच, चार आणि सहा या ठोक्यांना, म्हणजे वेगवेगळे उतरतात. नियम असा की प्रत्येक आकड्यात त्याचे स्थान (शून्यापासून मोजून) मिळवावे आणि क्रमाच्या लांबीने भागावे. सगळ्या बाक्या वेगवेगळ्या आल्या तर क्रम चालतो. फळ्यावर उजवा-डावा असे ठोके आखून बाण काढले की आठवीच्या मुलांनाही हे कळते.

वरच्या वर्गासाठी आणखी एक गोष्ट आहे. बुहलर, आयझेनबड, ग्रॅहम आणि राइट या चार गणितज्ञांनी १९९४ मध्ये एक सुंदर सिद्धांत मांडला. त्यांच्यातील रोनाल्ड ग्रॅहम हे आंतरराष्ट्रीय जगलर संघटनेचे अध्यक्षही राहिले होते. ‘ब’पेक्षा कमी चेंडूंच्या, ‘न’ लांबीच्या क्रमांची संख्या ‘ब’चा ‘न’वा घात असते, असे तो सिद्धांत सांगतो. म्हणून नेमक्या तीन चेंडूंचे, तीन आकड्यांचे क्रम ४ चा घन वजा ३ चा घन, म्हणजे ६४ वजा २७, एकूण ३७. त्यांतला ३३३ सोडला तर उरलेले छत्तीस हे बारा करामतींचे प्रत्येकी तीन फेरक्रम आहेत, कारण ४४१, ४१४ आणि १४४ एकच. ते बारा शोधून काढायला सांगा. चांगला तास जातो.

प्रश्न : आमच्या आजी सागरगोटे खेळत. त्याला जगलिंग म्हणता येईल का?
— एक वाचिका, अकोला

उत्तर : काटेकोरपणे नाही, पण नाते जवळचे आहे. सागरगोट्यांत एक बी वर जाते आणि तेवढ्या वेळात तोच हात जमिनीवरच्या बिया उचलून वरची झेलतो. हवेत एका वेळी बहुधा एकच बी असते. जगलिंगमध्ये हातांपेक्षा वस्तू जास्त हव्यात. प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर मुलींचा ‘हिको’ नावाचा जुना खेळ आहे. त्यात मुली कवचाची फळे किंवा लिंबे गोलाकार, एकामागून एक उडवतात. ते मात्र खरे जगलिंग होय. आजींची सवय अजून हातात असेल तर त्यांना दोन सागरगोटे एका हातात फिरवून पाहायला सांगा. फेक आणि नजर तयार असल्यामुळे त्यांना ते तुमच्याआधी जमण्याची शक्यता आहे.

प्रश्न : चेंडूंच्या बऱ्याच करामती येतात. आता क्लब घ्यायचे आहेत. लहान जागेत सराव होऊ शकेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : क्लब म्हणजे बारीक दांड्याचा आणि दुसऱ्या टोकाला फुगीर असा सोटा. तो सुमारे अर्धा मीटर लांब आणि २०० ते २५० ग्रॅम वजनाचा असतो, आणि तो फिरत जातो. त्यामुळे तुमच्या दोन्ही बाजूंना आणि समोर हातभर मोकळी जागा हवीच, शिवाय दूरदर्शन संच असलेली खोली नको. तिन्ही क्लब एकाच प्रकारचे घ्या. वेगवेगळ्या तोलाचे क्लब नवशिक्याला दमवतात.

पहिले काही दिवस एकच क्लब उजव्या हातातून डाव्या हाताकडे जाऊ द्या, एकच गिरकी घेऊन. बारीक दांड्याच्या मध्यावर पकड असावी आणि क्लब सोडताना मनगटाचा झटका नसावा. हात वर उचलला जातो तेवढ्यानेच गिरकी पुरी होते. क्लब दांड्याऐवजी फुगीर टोकाने हातात येत असेल तर गिरकी कमी किंवा अधिक झाली आहे. कमी असेल तर उंची थोडी वाढवा, अधिक असेल तर मनगट शांत करा. डाव्या हाताची गिरकी उजव्यासारखी होईपर्यंत दुसरा क्लब हातात घेऊ नका. नखे कापलेली असावीत, अंगठी काढून ठेवावी आणि खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर क्लब आपटू नये म्हणून जमिनीवर सतरंजीची दुहेरी घडी अंथरावी. अन्यथा दुपारी दोन ते चार ही वेळ सोडून सराव करावा.